सही तर केली, आता मनाला खातंय: माणूस आपली मूल्यं नेमकी कधी सोडतो?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे गृहस्थ एका कंपनीत उत्पादनांच्या चाचण्यांचे अहवाल तयार करतात. एक अहवाल त्याच दिवशी क्लायंटकडे जायचा होता आणि दोन चाचण्या व्हायच्या राहिल्या होत्या. मॅनेजर म्हणाले, ‘सगळ्या झाल्या असं लिहून टाका, उरलेल्या पुढच्या आठवड्यात उरकू.’ यांनी तसं लिहिलं आणि खाली सही केली. आता झोप लागत नाही. ते विचारतात: आयुष्यभर मी स्वतःला प्रामाणिक समजत आलो, ते सगळं खोटंच होतं का? माणूस तत्त्वं सोडतो तरी कधी? आणि घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं समोर असताना कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे ठरवायचं कसं?

मी समुपदेशनाचं काम करते. नोकरी आणि घर यांच्यामध्ये अडकलेले निर्णय घेऊन माणसं माझ्याकडे येतात, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत मला नेहमी भेटतो. तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिला मी बाजूला ठेवायला सांगेन. ‘माझी मूल्यं खरी होती का?’ या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते की, खरं मूल्य कधीच हरत नाही. असं मूल्य मी अजून कुणाकडे पाहिलेलं नाही. शिवाय या प्रश्नाची दोनच उत्तरं निघतात आणि दोन्ही निरुपयोगी असतात. ‘हो, खोटी होती’ म्हटलं की पुढच्या सहीला अडवणारं काही उरत नाही. ‘नाही, खरीच होती’ म्हटलं की त्या दुपारी काय झालं ते तपासायची गरजच संपते. तुमची खरी अडचण वेगळी आहे. त्या दुपारी प्रामाणिकपणा कुणाकडून हरला, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही.

मी कुणालाही ‘तुमची मूल्यं कोणती?’ असं थेट विचारत नाही. त्यावर सगळेच प्रामाणिकपणा, कुटुंब, मेहनत असं सांगतात. त्याऐवजी मी विचारते की गेल्या वर्षभरात कशासाठी तुम्ही काहीतरी गमावलंत? पैसे, वेळ, कुणाची मर्जी, बढती, काहीही. ज्याच्यासाठी आपण पदरमोड केली ते आपलं मूल्य. बाकीचं आपल्याला आवडतं, इतकंच म्हणता येतं. हा प्रश्न विचारला की पुष्कळ जण बराच वेळ गप्प बसतात. मग जे सांगतात ते यादीपेक्षा कितीतरी खरं असतं.

शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या उत्तरांवरून दहा मूलभूत मूल्यांची एक मांडणी केली. ही मूल्यं त्याने वर्तुळात बसवली. शेजारशेजारची मूल्यं एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. सत्ता आणि यश एका बाजूला, तर दुसऱ्यांचं भलं पाहणं त्याच्या समोर; सुरक्षितता एका बाजूला, तर स्वतःच्या बुद्धीने चालणं समोरच्या बाजूला. तुमच्या बाबतीत मला यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. या मांडणीत प्रामाणिकपणा आणि निष्ठा एकाच कप्प्यात येतात. आपल्या माणसांशी सचोटीने वागणं आणि आपल्या माणसांच्या पाठीशी उभं राहणं ही एकाच वृत्तीची दोन रूपं आहेत. म्हणून मॅनेजरला सांभाळून घेताना तुम्हाला त्या क्षणी आपण काही वाईट करतोय असं वाटलं नसणार. चांगल्याच भावनेने तुम्ही चुकीचं लिहिलंत. समोरच्या कप्प्यातलं मूल्य चालून आलं तर माणूस सावध होतो. त्याच कप्प्यातलं आलं, की तो स्वतःच दार उघडतो.

हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. शक्यता आणखी एक आहे आणि ती कमी सुखद आहे. कल्पना करा की त्या दिवशी तुमच्यावर कसलंही कर्ज नव्हतं. मग तुम्ही नाही म्हणाला असतात का? उत्तर ठाम ‘हो’ असेल तर खरोखरच कुटुंबाची सुरक्षितता प्रामाणिकपणाच्या आड आली, आणि तो हिशेब वेगळ्या पद्धतीने सोडवावा लागतो. पण बारकाईने आठवून पाहिलं की बरेच जण कबूल करतात, ‘तरीही सही केलीच असती.’ हप्ते नंतर, रात्री आठवले. सही करताना मनात फक्त समोरच्या माणसाची नाराजी होती. म्हणजे प्रामाणिकपणाला हरवणारी गोष्ट होती भीड. ‘भीड भिकेची बहीण’ असं जुनी माणसं म्हणायची, ते उगाच नाही. भिडेला आपण जबाबदारीचं नाव देतो, कारण जबाबदारीपुढे हरण्यात थोडी तरी शान वाटते. तुमचं यातलं कोणतं, ते तुम्हीच सांगू शकाल. उपाय त्यावरच अवलंबून आहे.

आता दुसरा प्रश्न: माणूस कधी सोडतो? मोठं आमिष दिसलं की सोडतो, असा आपला समज असतो. माझ्यासमोर येणाऱ्या गोष्टींत आमिष फार क्वचित असतं. तिथे बहुतेक वेळा घाई, अधिकारी माणूस आणि एकटेपणा हे तिघं असतात.

घाईचं सांगते. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषयच होता रस्त्यात पडलेल्या जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत दारापाशी कोसळलेला असे. अर्थात तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असं सांगितलं होतं, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय काय होता, यामुळे ठळक फरक पडला नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्या मानवजातीबद्दल निकाल देऊ नये. पण मदत करण्याची शिकवण ज्यांच्या शिक्षणाचाच भाग होती, ती माणसं काही मिनिटांच्या उशिरासाठी पुढे निघून गेली, हे मी विसरू शकत नाही. तुमच्या अहवालालाही ‘आजच’ जायचं होतं.

अधिकाऱ्याचं उदाहरण बहुतेकांनी ऐकलेलं असतं. स्टॅन्ली मिलग्रमने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या प्रयोगांत माणसांना सांगितलं गेलं की समोरच्याचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्या. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. सर्वांत जास्त चर्चा झालेल्या फेरीत ६५ टक्के लोक शेवटच्या, म्हणजे सर्वांत जोरदार झटक्याच्या बटणापर्यंत गेले. त्या प्रयोगांच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली आणि ती रास्तही आहे. मला त्यातला कमी सांगितला जाणारा भाग अधिक उपयोगी वाटतो. आज्ञा देणारा खोलीतून बाहेर गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे २० टक्क्यांवर आले. शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा तर १० टक्क्यांवर. सॉलोमन ॲशच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांतही तेच दिसलं: रेघांची लांबी ओळखण्यासारख्या साध्या कामात सगळ्यांनी चुकीचं उत्तर दिलं की माणूस डळमळतो, पण एक जण जरी बरोबर बोलला की तोही खूप जास्त वेळा बरोबर बोलतो.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या कामाच्या अगदी जवळची आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाआधी फोनवर बैठक झाली. यानाचे रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर, त्यांच्यात रॉजर बोजोली होते, सांगत होते की थंडीत सांध्यांमधल्या रबरी रिंगा कडक होतात, उड्डाण करू नका. कंपनीनेही आधी तसाच सल्ला दिला. नासाकडून नाराजी आली. मग कंपनीच्या लोकांनी आपसात चर्चा केली आणि एका वरिष्ठाने अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षांना म्हटलं, ‘इंजिनिअरची टोपी काढा आणि व्यवस्थापनाची टोपी घाला.’ सल्ला बदलला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं आणि सात जणांचा जीव गेला. त्या उपाध्यक्षांची मूल्यं एका संध्याकाळीत बदलली असतील असं मला वाटत नाही. त्यांना फक्त दुसऱ्या खुर्चीतून पाहायला सांगितलं गेलं आणि त्या खुर्चीवरून रबरी रिंगा लहान दिसत होत्या. कुणी तुम्हाला ‘जरा कंपनीच्या बाजूने विचार करा’ म्हणालं की कान टवकारा. कंपनीच्या बाजूने विचार करायला हरकत नाही, पण चाचणी झाली की नाही याचं उत्तर खुर्चीप्रमाणे बदलत नाही.

या सगळ्यात भाषा मोठा हात देते. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने माणूस स्वतःच्या सदसद्विवेकाला कसा गप्प बसवतो याचा फार बारकाईने अभ्यास केला. गोष्टीला सौम्य नाव द्यायचं, जबाबदारी वरच्या माणसावर ढकलायची, ‘इतर कंपन्या तर याहून वाईट करतात’ म्हणायचं, हे त्याचे नेहमीचे मार्ग. ‘खोटं लिहा’ असं तुम्हाला कुणीच म्हणालं नाही. ‘उरकू’, ‘फॉर्मॅलिटी आहे’, ‘तेवढं चालतं’ असं म्हणाले. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी घडलेली गोष्ट अशी सौम्य शब्दांशिवाय, एका वाक्यात लिहायला लावते. तुमचं वाक्य असं होईल: ‘न झालेल्या दोन चाचण्या झाल्या असं मी लिहिलं.’ वाचायला त्रास होतो, पण ते वाक्य समोर असलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

परिस्थितीचा एवढा जोर असतो म्हटल्यावर काही जण खूश होतात, ‘बघा, माझा दोष नव्हता.’ मला ही पळवाट आवडत नाही. परिस्थितीचा जोर मान्य असेल तर परिस्थिती आधीपासून बदलणं ही तुमचीच जबाबदारी ठरते. त्याकडे पुढे येते.

त्याआधी तुमच्या अस्वस्थतेबद्दल. ती जपा. १९५९ मध्ये लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी काही विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं आणि मग पुढच्या माणसाला ‘काम मजेदार आहे’ असं खोटं सांगायला लावलं. काहींना त्यासाठी १ डॉलर मिळाला, काहींना २०. नंतर विचारलं तेव्हा १ डॉलरवाल्यांनी ते काम खरंच बरं होतं असं सांगितलं. वीस डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं. एक डॉलरवाल्यांकडे पुरेसं कारण नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं मतच बदलून टाकलं. माझ्या अनुभवात मोठ्या तडजोडीपेक्षा किरकोळ तडजोड माणसाला जास्त बदलते, ती याचमुळे. लाख मोलाच्या दबावाखाली वाकलेला माणूस ‘मी वाकलो’ हे लक्षात ठेवतो. साहेबांच्या कपाळावरची आठी टाळायला वाकलेला माणूस सहा महिन्यांनी म्हणतो, ‘त्या चाचण्यांना तसाही काही अर्थ नसतो.’ तुमचं अजून तसं झालेलं नाही. ही टोचणी दोनच रस्त्यांनी जाईल, एक तर अहवाल दुरुस्त होईल किंवा तुमचं मत.

आता कुठे वाकायचं. इथे खूप काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मला ती पूर्ण माहीत नाही. त्या चाचण्या रंग टिकण्याच्या होत्या की आग लागण्याच्या? उत्पादन अजून गोदामात आहे की लोकांच्या घरात? यावर उत्तराची निकड ठरते. पण मी स्वतः निर्णय तोलताना एक गोष्ट सगळ्यांत आधी पाहते: किंमत कोण मोजणार? माझी सोय, माझं श्रेय, माझा हट्ट, माझा शब्द खरा करण्याची हौस, हे सगळं माझं आहे. ते मी उदार हाताने सोडू शकते आणि संसारात, नोकरीत ते सोडावंच लागतं. दुसऱ्याची सुरक्षितता, दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याचा विश्वास माझा नाही. तो माणूस खोलीत नसेल तर त्याच्या वतीने उदार होण्याचा मला हक्क नाही. तुमच्या खोलीत त्या दुपारी मॅनेजर होते, तुम्ही होतात. क्लायंट नव्हता.

दुसरं, केलेलं परत फिरवता येतं का. तिसरं, ज्याला झळ पोहोचणार त्याला ते सरळ शब्दांत सांगता येईल का. या तिसऱ्या प्रश्नाने तुमची केस उलगडते. समजा अहवालात लिहिलं असतं: ‘बाकी सर्व चाचण्या पूर्ण, दोन शिल्लक, अमुक तारखेपर्यंत निकाल पाठवू.’ तीच मुदत, त्याच दोन चाचण्या, तोच मॅनेजर. क्लायंटने कदाचित कुरकुर केली असती, कदाचित ‘ठीक आहे’ म्हटलं असतं. ती खरी तडजोड झाली असती, कारण तीत दोन्ही बाजूंना काय सोडतोय ते माहीत असतं. तुम्ही तडजोड केली म्हणून स्वतःला बोल लावताय. मला तर दिसतं की तडजोडीचा प्रयत्नच झाला नाही. प्रामाणिकपणा की नोकरी, अशी निवड समोर आली की मी आधी विचारते, मधलं काही कुणी मागून पाहिलं का? आश्चर्य वाटेल इतक्या वेळा कुणी मागितलेलंच नसतं.

उलट टोकाची माणसंही येतात, तेही सांगते. ‘मी कधीच वाकत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या एका बाईंच्या हाताखालचे लोक रोज रात्री उशिरापर्यंत थांबत होते, कारण निरर्थक तपशिलांवरही बाई अडून बसत. त्यांच्या तत्त्वाची किंमत दुसरे भरत होते. त्यांनाही माझा पहिला प्रश्न तोच होता: किंमत कोण मोजणार?

कुठल्याही किमतीला न सोडायच्या गोष्टी असाव्यात. फिलिप टेटलॉकने दाखवलंय की काही मूल्यांना माणसं पवित्र मानतात, त्यांची पैशाशी तुलना करायची नुसती सूचना आली तरी भडकतात. यात एक सोय आहे, दर वेळी घासाघीस करावी लागत नाही. पण अशा गोष्टी दोन-तीनच ठेवा. ज्याची यादी लांब असते तो बहुधा त्यातल्या अनेक कलमांवर रोज पाणी सोडत असतो आणि त्याच्या लक्षातही येत नाही. तुमच्या पेशात एक कलम मी सुचवेन: न पाहिलेल्या गोष्टीखाली सही नाही.

असं कलम नुसतं मनात ठेवून उपयोग नाही. पीटर गोलविट्झरच्या १९९९ मधल्या लेखात एक उपयोगी निष्कर्ष आहे: ‘मी अमुक करीन’ अशा इराद्यापेक्षा ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ असा ठरवून ठेवलेला इरादा जास्त पार पडतो. म्हणून वाक्य आज तयार करा. ‘सर, सही करतो, फक्त या दोन पुढे “शिल्लक” लिहितो.’ किंवा, ‘हे मी जागेवर जाऊन वाचतो आणि अर्ध्या तासात देतो.’ ही वाक्यं मी लोकांना मोठ्याने म्हणायला लावते. हसतात, पण म्हणतात. दुसऱ्या वाक्यात घाई मोडते, अधिकारी नजरेआड होतो आणि एखाद्या सहकाऱ्याला विचारायला सवड मिळते. असा एक सहकारी आधीच हेरून ठेवा.

आता हातातल्या अहवालाचं. चाचण्या मधल्या काळात झाल्या असतील आणि निकाल चांगले असतील, तरी तारखा दुरुस्त करून घ्या. निकाल वाईट असेल तर आजच बोला. मॅनेजरकडे आधी एकटे जा, तक्रार घेऊन जाऊ नका, मसुदा घेऊन जा: ‘मूळ अहवालात दोन चाचण्या पूर्ण म्हणून नोंदल्या गेल्या, त्या तेव्हा शिल्लक होत्या. सुधारित अहवाल सोबत जोडला आहे.’ त्यात कुणाचं नाव नाही, सबब नाही. पुष्कळ मॅनेजर हे मान्य करतात, कारण त्यांनाही उद्याची भीती असते. ते ‘सोडून द्या’ म्हणाले तर तुमची भूमिका त्यांना ईमेलने दोन ओळींत कळवा आणि गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांकडे जा. उत्पादन जिवाशी खेळणारं असेल तर या पायऱ्या चढत बसू नका. त्याच दिवशी वकिलाचा सल्ला घ्या. अशी माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण किती, हे जागेप्रमाणे आणि क्षेत्राप्रमाणे बदलतं, आणि कंपनीची कागदपत्रं परस्पर बाहेर नेणं तुमच्याच अंगलट येऊ शकतं.

राजीनामा रागाच्या भरात देऊ नका. तुम्ही गेलात तरी तो अहवाल क्लायंटच्या फाइलमध्ये तसाच राहील, तुमच्या सहीसकट. पण नोकरी गेलीच तर घर किती महिने चालेल, याचा हिशेब घरच्यांबरोबर बसून आजच करा. आकडा कळला की मॅनेजरसमोर बसताना भीती तेवढ्याच आकाराची राहते. तो आकडा आणि ईमेलचा मसुदा दोन्ही तयार झाल्यावरच भेट मागा, आणि शक्यतो सकाळची. संध्याकाळी सगळे निघायच्या घाईत असताना हा विषय काढू नका.